कुंकवाखालचं मेण

सुनेनं कपाळ पुसलं. दिवसाउजेडी, नवरा जिताजागता असताना, पदराच्या सुक्या टोकानं खसाखसा, तव्याची काजळी पुसावी तसं. नवशीनं ते गोठ्याच्या कुडाच्या फटीतून पाहिलं आणि शेणाची पाटी तिच्या हातात तशीच राहिली. गौराची पाठ तिच्याकडे होती, पण कोपर वरखाली होत होतं, आणि कोपरावरून माणूस काय करतंय ते कळायला नवशीला तोंड बघावं लागत नव्हतं. मग गौरानं गाईच्या डोणीतलं पाणी ओंजळीत घेऊन कपाळावर मारलं. गाईच्या उष्ट्या पाण्यानं तोंड धुवायची रीत तिच्या माहेरी, खोडाळ्याला असेल, जव्हारात नव्हती. एवढं करून ही बया भात पाखडायला ओट्यावर आली तेव्हा कपाळावर कुंकू होतं, गोल, ताजं, रुपयाएवढं. विसरली म्हणावं तर पुन्हा लावलं कशाला? आणि लावायचंच होतं तर पुसलं कशाला? "अशी रीत कुठं बघितलीस का गं तू?" नवशीनं गाईला विचारलं. गाय रवंथ करत राहिली. या घरात विचारलेल्याला उत्तर न द्यायची सवय सुनेपासून गाईपर्यंत सगळ्यांना लागली होती.

तक्रार एक असती तर नवशीनं गिळली असती. गौरा चालते तेव्हा पाय वाजत नाहीत. चालणाऱ्या बाईचा आवाज व्हायला हवा, म्हणजे घरातल्यांना कळतं ती कुठं आहे. गौरा हसते ते पदराआड. गौराला हाक मारली की "जी" म्हणते आणि पुढं काही नाही, जसं काही बाकीचं बोलणं माहेरीच ठेवून आली. आणि आता हे. कुंकू म्हणजे काय, हे या घरातल्या सुनेला वेगळं सांगायला हवं होतं? जव्हारच्या निम्म्या सवाष्णींच्या कपाळावर कुंकू टिकतं ते या घरच्या मेणावर. आधी बोटाच्या टोकावर मेण घ्यायचं, कपाळावर गोल फिरवायचं, मग त्यावर कुंकवाची चिमूट दाबायची. मेण नसेल तर कुंकू दुपारपर्यंत नाकावर उतरतं. दरबारच्या कारकुनांच्या बायका, वाण्यांच्या बायका, सोनाराची म्हातारी, सगळ्यांच्या करंड्यात नवशीचं मेण. ती नुसती बाजारातून गेली तरी तिला वाटायचं, इतकी कपाळं आपल्या ओळखीची आहेत. आणि स्वतःच्या घरातलं कपाळ मात्र गोठ्यामागं जाऊन पुसलं जातं.

मेण तिनं आईकडून घेतलं होतं, आईनं तिच्या आईकडून. मोखाड्याच्या बाजूचे लोक कड्यावरची आग्या मोहोळं धुरी देऊन काढत, मध खात-विकत आणि पोळ्यांचे लगदे तिच्या ओट्यावर आणून टाकत. ते पाण्यात उकळायचे, फडक्यातून पिळायचे, पाणी निवलं की वर मेणाची भाकरी धरते. ही भाकरी पुन्हा पातळ करायची, पण कधीही उघड्या जाळावर नाही. मोठ्या टोपात पाणी, पाण्यात लहान भांडं, भांड्यात मेण, आणि जाळ मंद. त्यात खोबरेल. पाण्याचा थेंब कढत मेणात पडू द्यायचा नाही. पेटलंच तर पाणी मारायचं नाही, झाकण मारायचं आणि राखेनं चुलीचं तोंड बुजवायचं. हे तिला शिकवलेलं नव्हतं, दाखवलेलं होतं. तिची बहीण सकू सात-आठ वर्षांची असताना आईच्या भांड्याला जाळ लागला आणि घाबरून कुणीतरी तांब्याभर पाणी ओतलं. जाळ आढ्यापर्यंत उडाला. सकूच्या मानेची कातडी मग जन्मभर ओल्या फडक्यासारखी चुरगळलेली होती आणि ती उजवीकडं वळून बघायची तर सगळं अंगच वळवायची. लग्नासाठी तिला बघायला आलेल्यांना तिनं डावी बाजू दाखवली. नवशीला कुठलंही मेण पातळ होताना दिसलं की आधी ती मान दिसायची.

मेण निवलं की शेवटचं काम नवशीचं. भाकरी मोडायची, मोडलेली कड नाकाशी धरायची आणि डोळे मिटायचे. आणणारे ओट्यावर उकिडवे बसून वाट बघत. बरं असेल तर ती मान हलवी. नसेल तर नुसतं म्हणे, "जाळून आणलंस", आणि माणूस खाली बघे. एकदा एकानं मेणात बेसन घुसडलं होतं. तिनं हुंगून त्याला विचारलं होतं, भजी तळायची काय रे तुझ्या बायकोच्या कपाळावर? तो माणूस वर्षभर त्या वाटेनं आला नाही. तिच्या नाकाची अशी दहशत होती, आणि दहशत ही फार उपयोगाची गोष्ट आहे. एकदा रुजली की तिला पाणी घालावं लागत नाही.

नवरा, ढवळू, दोन वर्षांपूर्वी तापाच्या साथीत गेला. त्या साथीत घरटी एक तरी गेलं, काही घरांत तर मागं रडायलाही कुणी उरलं नाही. नवशीही पडली होती, पण उठली. उठली तेव्हा कपाळ मोकळं झालं होतं. नात्यातला एक जण पाट लावून पुन्हा संसार मांडायचं विचारायला आला, त्याला तिनं ताक पाजून वाटेला लावलं. बाजारात कुजबूज झाली की आता विधवेच्या हातचं मेण सवाष्णीनं लावायचं का. ती कुजबूज ज्या बाईनं सुरू केली तिच्याच दारात जाऊन नवशी म्हणाली, "मेण माशांनी केलंय बाई. त्यांच्यात कुणाचा नवरा मेलाय ते विचारून येते, तवर तू कोरडंच कुंकू लाव." बाई हसली, शेजारणी हसल्या, मेण घेतलं गेलं. पण घरी येऊन नवशी बराच वेळ अंगणात बसून राहिली होती. लोकांचं तोंड बंद करणं तिला जमायचं. लोकांच्या मनात काय उरतं, ते कुणाच्या तोंडावर दिसत नाही.

आणि आता ती गौराच्या मनाशी येऊन अडली होती. कपाळ पुसणाऱ्या बाईच्या मनात काय असतं? एक तर तिला नवरा नको असतो. तिच्या नवऱ्यात, नवशीच्या पोरात, जिवात काय वाईट होतं? हडकुळा होता, पण कष्टाळू. साथीनंतर मोहोळं काढणारे कमी झाले, तेव्हा स्वतः मोखाडा, डहाणू, कुठं कुठं फिरून मेण जमवून आणत होता. आणून आईच्या पुढ्यात ठेवत होता. बायकोवर हात टाकलेला नवशीनं पाहिला नव्हता. मग दुसरा कुणी? खोडाळ्याचा? मनाशी हा धागा ओढला की बाकीचं आपोआप उसवत यायचं. गौरा पाण्याला जाते तेव्हा वेळ लावते. परवा बाजारात वाण्याच्या दुकानासमोर थांबली आणि नवशीला बघून चालायला लागली. आणि त्या दिवशीचा तो जाळ. मेण पातळ करताना भांड्याच्या कडेला निळा-पिवळा जाळ भपकन उठला, पाण्याच्या टोपात भांडं असूनही, आणि नवशी जागची उठायच्या आत गौरानं झाकण मारलं होतं. तेव्हा नवशीच्या मनाला बरं वाटलं होतं, पोर शिकली. आता तेच उलट दिसायला लागलं. झाकण हाताशी का होतं? पेटणार हे हिला आधी कसं ठाऊक? जी बाई जाळाची वाट बघत बसते, तिनंच त्यात काही टाकलेलं असतं. डोंगरातल्या पाड्यांवर अशा चेटूक करणाऱ्या बाईला एक नाव आहे, भुताळी, आणि ते नाव एकदा मांत्रिक भगतानं मोठ्यानं उच्चारलं की त्या बाईला कुणी घरात ठेवत नाही, विहिरीवर येऊ देत नाही, कधी कधी जितीही ठेवत नाही. नवशीनं ते नाव मनात येऊ दिलं, आणि आलं तसं घाईनं परतवलं. पण आलेलं पाहुणं ओटा बघून गेलं होतं.

दुपारी कारकुनाच्या घरची मोलकरीण रामी करंडा परत घेऊन आली. रामी बोलकी, पण आज ओट्याच्या कडेलाच उभी राहिली.

"बाईनी सांगितलंय, आत्ता मेण नको."

"नको म्हणजे? संपलं का त्यांचं कपाळ?"

"तसं नाय नवशीबाय. ऊन बाधतंय म्हणल्या."

"ऊन मेणात घातलंय का आम्ही? करंडा अर्धा भरलेला दिसतोय तो. त्यानं काय केलं?"

रामीनं करंडा खाली ठेवला. आतल्या भाताच्या सुपाकडं, गौराकडं, तिनं पटकन बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. नवशीनं ते बघितलं. "मला काय ठाऊक," रामी म्हणाली. "पण सोनाराच्या म्हातारीनंबी मेण सोडलंय. गंध लावते आता, पातळ." आणि ती जवळजवळ पळाली.

नवशी करंडा मांडीवर घेऊन बसली. मेण पांढुरकं होतं, जुन्या मेणासारखं मधाळ पिवळं नव्हतं. हे तिला आधीच दिसलं होतं, पण तिनं त्याचं कारण स्वतःला सांगून ठेवलं होतं: यंदा कारवी फुलली. सात वर्षांनी डोंगरभर कारवी फुलते, माश्या दुसरं काही खात नाहीत, मध पांढरा उतरतो, मग मेण का नाही? हे कारण तिनं गिऱ्हाइकांनाही ऐटीत सांगितलं होतं. पण रामीची नजर कारवीकडं गेली नव्हती, गौराकडं गेली होती. म्हणजे गावालाही दिसतंय. म्हणजे काहीतरी आहे. साथीत उरलेलं घर, मेलेल्या नवऱ्याच्या मागं उभा केलेला धंदा, आणि हे सगळं आतून कुणीतरी पोखरतंय, पाय न वाजवता.

संध्याकाळी मिठाच्या गोण्या घेऊन बैलवाला पांड्या मोखाड्याकडं निघाला होता. नवशीनं त्याला वाटेतच गाठलं. "खोडाळ्यावरनं जाशील, तर गौराच्या बापाला, बारक्याला, निरोप दे. म्हणावं येऊन पोरीला घेऊन जा." "काय झालं?" "घेऊन जा, एवढंच म्हण." पांड्यानं शिट्टी घातली आणि बैल हलले. परतताना नवशीच्या लक्षात आलं की आपण हे जिवाला विचारलं नाही. मग तिनं स्वतःला समजावलं, विचारायचं काय, तो बायकोचीच बाजू घेणार. आणि त्याच वेळी तिला हेही कळलं की भगताकडं जायच्या ऐवजी आपण बापाला बोलावलंय, म्हणजे आपल्यात अजून थोडी लाज शिल्लक आहे. या लाजेचा तिला रागच आला.

दुसऱ्या दिवशी गौरा चुलीपाशी नागलीच्या भाकरी थापत होती. नवशी आत आली आणि काही न बोलता तिची हनुवटी धरून तिचं तोंड दाराच्या उजेडाकडं वळवलं. गौरानं मान सोडवून घेतली नाही. हात मात्र पिठात तसेच थांबले. कुंकू वरून ठीक होतं. नवशीनं स्वतःच्या अंगठ्यानं ते बाजूला सारलं. खाली कातडी लाल, सोललेली, बारीक पुळ्यांची, काही फुटलेल्या, आणि हे सगळं जिथं मेण लागतं तिथं, तेवढंच गोल, जसं कुणी तापलेलं नाणं टेकवावं. अंगठ्याचा स्पर्श होताच गौराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे काय केलंस?"

"काय नाय आत्या."

"कपाळ सोललंय आणि काय नाय? कुणी लावलं हे? काय लावतेस तू रात्रीबेरात्री कपाळाला?"

"तुम्ही देता तेच," गौरा म्हणाली.

बोलली तेव्हा तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं: तिनं नवशीकडं असं बघितलं की जणू उत्तर नवशीलाच ठाऊक आहे, आणि ती उगाच विचारतेय. नवशीनं तिची हनुवटी सोडली. बोटांवर पीठ लागलं होतं. ती ओट्यावर आली, करंडा उघडला, आणि सवयीनं नाकाशी नेला.

काहीच नाही. तापातून उठल्यापासून काहीच नव्हतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःलाही ती ते रोज नव्यानंच सांगत होती, की उद्या येईल. ताप उतरला तेव्हा आधी वाटलं नाक चोंदलंय. मग कळलं की चोंदलेल्या नाकामागं काही उभंच नाही. नागलीची भाकरी करपली तरी कळायचं नाही, तोंडात ती नुसती माती व्हायची. पेज, मोहाची फुलं, गाईचं शेण, सगळ्याचा एकच वास, म्हणजे कसलाच नाही. ढवळूची घोंगडी तिनं साथीनंतर धुतली नव्हती; तिच्यात नाक खुपसून ती एकदा बसली होती, आणि घोंगडी नुसती खरखरीत लागली होती. माणूस मेला तेव्हा ती रडली नव्हती एवढी ती त्या दिवशी रडली, कारण तेव्हा तिला कळलं की तो दुसऱ्यांदा गेला. मग ओट्यावर मेण आलं. माणसं उकिडवी बसली. तिनं भाकरी मोडली, कड नाकाशी धरली, डोळे मिटले. डोळे मिटल्यावर तिला वाटलं, आता सांगावं. आणि तिनं मान हलवली. माणसं हसून उठली. असं दोन वर्षं. दात नव्हते म्हणून चावून बघता येत नव्हतं, बोटं सांध्यांत धरलेली म्हणून चिवटपणा नीट कळत नव्हता, उरलं होतं ते नाकच. आणि कपाळ मोकळं म्हणून ते मेण तिच्या स्वतःच्या अंगाला कधी लागतच नव्हतं. घरातलं सगळं मेण पारखणारी बाई ही घरातली एकटीच होती जिला त्या मेणाचं काहीही कळत नव्हतं.

ती बराच वेळ करंड्यात बघत राहिली. वाटेवरून पाण्याला जाणाऱ्या बायका गेल्या, एकीनं हाक मारली, तिनं उत्तर दिलं, कसलं ते आठवलं नाही. मग ती आत गेली, मागल्या पडवीत, जिथं उजेड होता पण वाट नव्हती. करंड्यात बोट घातलं. मनगटावर लावून बघावं असं आधी वाटलं. मनगटाला कुणी काही म्हणालं नसतं. पण कष्ट केलेल्या मनगटाची कातडी म्हणजे जोड्याचं चामडं. तिनं बोट कपाळावर नेलं. दोन वर्षांत तिथं कुणाचं बोट गेलं नव्हतं, तिचंही नाही. हात आपोआप गोल फिरला, पूर्वीसारखा, उजवीकडून, आणि बोट थांबलं तेव्हा चिमूट कुंकवासाठी दुसरा हात पुढं आलेला तिनं पाहिला आणि तो मागं घेतला. विधवेनं मेण लावलंय हे कुणी पाहिलं असतं तर गौराच्या पुसण्यापेक्षा मोठी गोष्ट झाली असती. ती पडवीतच बसली. वाऱ्यानं कपाळ गार लागत होतं.

सांज होईतो चुरचुरायला लागलं. आधी मुंगी फिरल्यासारखं, मग कुणी मिरची चोळावी तसं. तिनं पुसायचं नाही ठरवलं. भाताला आधण ठेवलं, गाय बांधली, आणि सगळा वेळ ते गोल कपाळावर जळत राहिलं, आणि त्याच्याबरोबर एकेक गोष्ट जागेवर सरकायला लागली. कारकुनाच्या बायकोचं ऊन. सोनाराच्या म्हातारीचं पातळ गंध. गाईच्या डोणीतलं गार पाणी, जे सगळ्यात जवळचं होतं. आणि हाताशी ठेवलेलं झाकण: जे मेण एकदा पेटलंय ते पुन्हा पेटेल हे कळायला चेटूक लागत नाही. शेवटी तिनं पदर ओला केला आणि गोठ्याकडं गेली. गौरा धार काढत होती. नवशी कुडाला टेकून उभी राहिली आणि कपाळ पुसायला लागली, खसाखसा. धारेचा आवाज थांबला.

"वास येतो का गं त्याला?" नवशीनं विचारलं.

गौरा तिच्या कपाळाकडं बघत राहिली. "कशाला?"

"मेणाला."

"येतो."

"कशाचा?"

"घासलेटाचा." आणि मग, पहिल्यांदाच, न विचारता: "मोडलं की लय येतो. तुम्ही हुंगता तेव्हा मला वाटायचं आता म्हणाल. तुम्ही मान हलवायच्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या नाकापुढं मी काय बोलू? मोठमोठी माणसं गप बसतात." गौरानं वासराला पुढं सोडलं. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असंल. मायलेकांचं काहीतरी ठरलेलं असंल. मी बोलले असते तर मला खोडाळ्याला पाठवलं असतं."

नवशीला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. म्हणजे कुडाच्या या बाजूनं ती गौराला बघत होती, आणि त्या बाजूनं गौरा तिला. दोघी एकमेकींना चोर समजून एकाच घरात भाकरी थापत होत्या, आणि भाकरी मधोमध बसून जिवा खात होता.

जिवा जेवायला आला तेव्हा तिनं त्याला ताट वाढलं नाही. त्याच्या पुढ्यात मेणाची अख्खी भाकरी ठेवली.

"ही कुठली?"

"मोखाड्याची."

"मोखाड्याला घासलेटाच्या माश्या आहेत काय?"

त्यानं बायकोकडं बघितलं. गौरा खाली बघत होती. मग तो हळूहळू बोलला, तसा तो नेहमीच हळू बोलायचा आणि म्हणून तिला तो शहाणा वाटायचा. कड्यावर चढणारे उरले नाहीत, आये. निम्मे साथीत गेले. माल तर लागतोच. डहाणूला मुंबईहून पांढरं मेण उतरतं, मेणबत्त्यांचं, घासलेटाच्या गाळातून काढतात म्हणे. साफ केलेलं महाग, कच्चं स्वस्त. खऱ्यात निम्मं मिसळलं तर कुणाला कळणार होतं?

"मी हुंगत होते ना रे?"

ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि उत्तर यायच्या आधीच तिला ते दिसलं, जसं मेण पेटायच्या आधी भांड्याच्या कडेला थरथरतं.

"आये," तो म्हणाला, "मागच्या होळीला तुझ्या पायाशी पदर धुमसत होता. मीच विझवला. तुला पत्ता नव्हता." आणि मग, अगदी मायेनं: "मी कुणाला बोललो नाय. तुझी इज्जत राखली."

तो खरंच तसंच समजत होता, हे तिला दिसत होतं. तिचं गेलेलं नाक त्यानं झाकून ठेवलं होतं आणि त्याच झाकणाखाली आपला माल शिजवला होता. बायको कपाळ सोलून घेत होती तेव्हा तो शेजारीच झोपत होता. नवशीनं त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं. तिच्याकडं शिव्यांची कधी वानवा नव्हती, पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या मुलांसाठी केलेल्या होत्या. तिनं तोंड मिटलं. कपाळ अजून चुरचुरत होतं. तिनं ताट वाढलं, पण त्याच्यासमोर नाही, गौरासमोर, आणि गौरा उपाशीच बसून राहिली, कारण नवऱ्याआधी जेवायचं कसं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

निरोप मागं फिरवता आला नाही. बारक्या सकाळी ओट्यावर येऊन बसला तेव्हा त्याच्या पायांवर खोडाळ्याची लाल माती वाळली होती. बरोबर त्यानं रिकामी झोळी आणली होती, पोरीचं काय असेल ते भरायला. पाणी दिलं ते त्यानं घेतलं नाही.

"इहीणबाय," तो म्हणाला, "पोरीनं काय केलं एवढं सांगा. मग नेतो."

शेजारच्या ओट्यांवर माणसं आपापली कामं फार हळू करत होती. रामी घागर घेऊन उभी होती. ती भरलेली की रिकामी ते तिलाही ठाऊक नसावं. जिवा दारात उभा होता आणि आईकडं बघत होता, आणि त्या बघण्याचा अर्थ नवशीला नीट कळत होता: पोर जाऊ दे. गौरा गेली तर कपाळ पुसणारी गेली, वास घेणारी गेली, सगळा दोष तिच्याबरोबर झोळीत भरून खोडाळ्याला गेला. नवशीनं डोळे मिटून मान हलवायची तेवढी बाकी होती. ते तिला चांगलं जमत होतं.

गौरा आतून आली, गाठोडं बांधून. कपाळ उघडं होतं, लाल. आज तिनं ते झाकायचा प्रयत्नच केला नव्हता. बापानं ते पाहिलं आणि त्याचे हात झोळीवर घट्ट झाले. नवशी उठली. गुडघे वाजले. ओट्यावर ठेवलेली मेणाची भाकरी तिनं उचलली, सगळ्यांच्या देखत मोडली आणि अर्धी गौराच्या हातात दिली. मग बारक्याकडं नाही, जिवाकडं नाही, गौराकडं बघून ती बोलली, नेहमीच्याच आवाजात, जो पलीकडच्या ओट्यापर्यंत जायचा:

"गाठोडं सोड. माझं नाक साथीत गेलंय, दोन वर्षं मी तुम्हा सगळ्यांसमोर नुसतं नाटक केलं. जिवाला ते ठाऊक होतं आणि त्यानं त्यावर धंदा केला, तुला ठाऊक नव्हतं म्हणून तू माझ्या नाकाला भ्यालीस आणि कपाळ जाळून घेतलंस. हे वाटलेलं मेण घराघरातून परत आणायचं ते जिवानं, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या तोंडानं सांगून. तुझाही गुन्हा आहे, तू गप बसलीस, आणि तो मी विसरणार नाही. आजपासून या घरात मेण हुंगायचं ते तू. मला वाईट वाटेल म्हणून ज्या दिवशी मान हलवशील, त्या दिवशी तुला खोडाळ्याला पोचवायला मी बापाला बोलावणार नाही, मीच येईन."